नमुना

लिफाफा फोडला. चिठ्ठीत निघालं: गट दोन.
म्हणजे उड्या मारायच्या नाहीत.

ईरिस म्हणाली, आउने,
तुम्ही फक्त जशा जगता तशाच जगा. दीड वर्ष.
जास्त नाही, कमी नाही.
त्र्याहत्तर वर्षांत मला असं
कुणीच सांगितलं नव्हतं.

आणि मी तर उड्यांसाठीच आले होते,
वार्काउसहून कुओपिओला, पहाटेच्या बसने,
जानेवारीच्या काळोखात,
पिशवीत पांढऱ्या तळव्यांचे नवे बूट.
दुकानदाराने विचारलं होतं, नातीसाठी का?

रौहाला गट एक मिळाला.
ती सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी
वीतभर ठोकळ्यावरून खाली उडी घेते, पन्नास वेळा,
आणि रात्री फोनवर सांगते,
गुडघे कुरकुरतात गं, पण मन हलकं होतं.
छान, मी म्हणते.
फोन ठेवल्यावर भांडी जरा जोरात घासते.

(भांडी घासणं व्यायामात धरतात का?
वहीत लिहून ठेवलं.
ईरिस हसली, पण तिने ते खोडलं नाही.)

यंत्राखाली निजायचं. खिशात नाणं नको, बोटात अंगठी नको.
वरून एक हात सरकतो, सावकाश,
न टेकवता इस्त्री फिरवावी तसा.
मग पडद्यावर मी:
कंबर, खुबा, मांडीचं वरचं टोक,
धुक्यातल्या बर्चसारखं फिकं.
आकडा उणे आहे, ईरिस जपून म्हणाली,
उणे दोन पूर्णांक तीन.
मी म्हटलं, पोरी, जानेवारीत आम्ही याला उबदार म्हणतो.

एकतीस वर्षं मी कागदाच्या गिरणीत होते,
तपासणीच्या खोलीत.
प्रत्येक रिळाच्या टोकाची एक पट्टी कापायची,
चिमट्यात धरायची, फाटेपर्यंत ओढायची,
कितव्या आकड्याला फाटली ते लिहायचं.
त्या पट्टीचं कधी पुस्तक झालं नाही,
पत्र नाही, साखरेची पुडीसुद्धा नाही.
बाकीचा कागद मात्र तिच्या भरवशावर
बोटीत चढला.
मी हाडाची तपासनीस.
म्हणून तुलना, सरासरी, हे सगळं
ईरिसने मला समजावू नये.
रौहा म्हणते, तू म्हणजे एक नमुनाच आहेस.
हो. तेच तर.

हिल्क्का पडली ती टपालपेटीपाशी.
बर्फही नव्हतं. मे महिना होता.
काखेत वर्तमानपत्र, पायात घरातल्या सपाता.
हाड मोडलं म्हणून ती पडली,
की पडली म्हणून मोडलं,
डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.
ऑगस्टात तिच्या घराची चावी माझ्याकडे आली.
तिच्या खिडकीतलं जिरेनियम मी अजून जगवते आहे,
दर रविवारी अर्धा पेला पाणी,
जास्त नाही, कमी नाही.

आठव्या पानावर बारीक अक्षरांत होतं:
सहभागी व्यक्तीस थेट लाभ होईलच असे नाही.
मी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं
आणि सही केली, गिरणीत करायचे तशी,
पूर्ण नाव, तारीख, वेळ.

नवे बूट दाराशी आहेत.
कधी कधी स्वयंपाकघरात एकटी असताना
टाचा उचलल्या जातात. परत टेकवते.
खालच्या मजल्यावर कुणाला कळलंही नसतं.
पण वहीला कळलं असतं.

आणि मग एप्रिल आला,
रस्त्याकडेने वितळलेलं पाणी धावू लागलं.
वाचनालयासमोर चांगला हातभर ओहोळ.
फळी कुणी टाकली नव्हती.
मी विचार केला नाही, एवढंच सांगू शकते.
पलीकडे दोन्ही पाय एकदम टेकले,
दात एकमेकांवर आपटले,
काहीतरी खालून वर, मानेपर्यंत, वाजत गेलं.
एका मुलाने सायकल थांबवून बघितलं.
मी छत्री नीट धरली आणि चालू लागले.

रात्री वही उघडली.
बराच वेळ पेन हातात होतं.

एकोणीस एप्रिल.
चालणे: चाळीस मिनिटे.
भांडी.
उडी: एक.
कारण: पाणी.